चपलांच्या तळव्यांचं जॅकेट

लक्ष्मीकांत भोइटे यांना विकास नगरात कुणीच भोइटे म्हणत नसे. सगळे 'वारंट साब' म्हणत. हवाई दलातून ज्युनियर वॉरंट ऑफिसर म्हणून निवृत्त झालेला माणूस. शेवटचं पोस्टिंग लखनौजवळच्या बख्शी का तालाबला होतं. तिथून पुन्हा सगळं सामान बांधून कोरेगावला जायचं जिवावर आलं, म्हणून लखनौलाच घर घेऊन राहिले. गल्लीत नवा भाडेकरू आला की 'वारंट साब' हे नाव ऐकून आठवडाभर त्यांच्यापासून लांब राही. मग एखाद्या सकाळी ते त्याच्या पोराच्या बुटाची नाडी बांधताना दिसत आणि भीती जाई.

मी त्यांच्या वरच्या खोलीतला भाडेकरू. मेहकरचा मुलगा, अमरावतीला एम.एस्सी. झालो आणि इथल्या एका संस्थेत उंदरांना औषधं पाजायला आलो. त्याला संशोधन म्हणतात. काका मला 'डॉक्टर' म्हणत. पीएच.डी. व्हायला अजून अवकाश होता, आणि तो किती होता हे त्यांना ठाऊक होतं, म्हणूनच म्हणत.

पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "डॉक्टर, पोहता येतं?"

"नाही काका. आमच्याकडे प्यायला पाणी पुरलं तरी खूप."

"मग गोमतीच्या पुलावरून मधोमध चालत जा."

मला वाटलं, विनोद केला. सुहासिनीकाकू चहा देता देता म्हणाल्या, "हसू नकोस. मलासुद्धा लग्न झाल्यावर पहिला प्रश्न हाच विचारला होता."

चोवीस वर्षं काकांनी एकच काम केलं होतं. हवाई दलात त्याला सेफ्टी इक्विपमेंट म्हणतात. पॅराशूटच्या घड्या घालायच्या आणि समुद्रावर उडणाऱ्यांची लाइफ जॅकेट तपासायची. इतक्या वर्षांत त्यांनी तपासलेलं जॅकेट घालून एकच माणूस खरोखर पाण्यात पडला. पडला तेव्हा बेशुद्ध होता, पालथा होता. "पाच सेकंद," काका पाच बोटं दाखवून सांगत. "पाच सेकंदांत जॅकेटनं त्याला उताणा केला. तोंड वर, नाक वर. शुद्धीवर आला तेव्हा गडी आकाश बघत होता." ही गोष्ट मी दोन वर्षांत चाळीसेक वेळा ऐकली असेन. प्रत्येक वेळी समुद्र थोडा जास्त खवळलेला असायचा, पण सेकंद पाचच असायचे.

शहाण्णव सालच्या उन्हाळ्यात शहराबाहेर एक वॉटर पार्क निघाला आणि गल्लीतली सगळी पोरं 'वॉटर पार्क, वॉटर पार्क' करू लागली. काका मला घेऊन तो बघायला गेले. एवढ्या लांब जाऊन त्यांनी पाय भिजवले नाहीत. छोट्या मुलांच्या हौदाशी गेले, तिथे खिळ्यावर टांगलेली पाच-सहा जॅकेट होती त्यातलं एक उचललं, वास घेतला, पिळून बघितलं. त्यातून पाणी गळलं.

"ये कितने साल के बच्चे के लिए है?" त्यांनी तिथल्या माणसाला विचारलं.

"सबके लिए है, अंकल. फ्री साइज."

परतीच्या वाटेवर काका टेम्पोत आलमबागेपर्यंत ओल्या बोटांचा वास घेत बसले. मग म्हणाले, "आत गादीचा स्पंज भरलाय. पोरगं बुडालं नाही तरी जॅकेट बुडवेल त्याला."

दुसऱ्या दिवसापासून घराचा कारखाना झाला. आत काय भरायचं, हा पहिला प्रश्न. थर्माकोलचा चुरा होतो. सावरीचा कापूस एकदा भिजला की संपला. शेवटी काकांना अमीनाबादच्या बाजारात हवाई चपलांच्या तळव्यांचे शीट सापडले. ते पाणी पीत नाहीत, मोडत नाहीत, तरंगतात. जॅकेटमध्ये पुढून चार पट्ट्या, मागून दोन, आणि मानेमागे एक जाड कॉलर, म्हणजे पोरगं आपोआप उताणं होईल. दोन्ही पायांमधून एक पट्टा, म्हणजे जॅकेट वर सरकणार नाही. "थोडक्यात, छातीवर बाटाचं दुकान," मी म्हणालो. "हो," काका म्हणाले, "आणि तुझ्या छातीवर बांधायचं तर कारखानाच आणावा लागेल."

चाचणीसाठी काकूंच्या जुन्या साडीचं एक बाहुलं शिवलं. आत ओली वाळू, डोक्याच्या जागी नारळ. बख्शी का तालाबच्या पुढे काकांच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या ट्यूबवेलची मोठी हौदी होती. स्कूटरवर आमच्या दोघांच्या मध्ये ते बाहुलं, चादरीत गुंडाळलेलं. चौकात हवालदाराने थांबवलं. चादर बाजूला करून नारळ बघितला. बराच वेळ बघितला. "ये क्या है?"

"ट्रायल है," काका म्हणाले.

"किसका?"

"इसका," म्हणून काकांनी माझ्याकडे बोट दाखवलं. हवालदाराने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि जाऊ दिलं.

हौदीत बाहुलं पालथं टाकायचं आणि काकांनी घड्याळ धरायचं. पहिल्या जॅकेटला अकरा सेकंद लागले. पाचव्याला सहा. सातवं पाच सेकंदांत वळलं आणि नारळ आकाशाकडे बघू लागला, तेव्हा काकांनी त्या शेतकऱ्याला मिठी मारली. त्या बिचाऱ्याला काय झालं ते कळलंच नाही.

काकांचे दोन नियम होते. एक, करणारा वेगळा आणि तपासणारा वेगळा. दुसरा, प्रत्येक जॅकेट एकाच पोराच्या मापाचं, त्यावर शाईने त्याचं नाव आणि मुदत सहा महिने. "पोरं वाढतात. जॅकेट वाढत नाही." त्याला बकलसुद्धा नाही, कारण बकल ठेवलं की कुणीतरी ते सैल करणारच. शिवायचं काम काकूंचं, तपासायचं काकांचं.

इथे खरी अडचण होती. सुहासिनीकाकूंनी आयुष्यात कुठल्याही पोराचं काही मापात शिवलं नव्हतं. शिवायचं ते वाढत्या अंगाचं. सिद्धेशची, म्हणजे त्यांच्या मुलाची, शाळेची खाकी चड्डी सहावीत शिवली ती त्याला नववीत बसू लागली, असं त्या अभिमानाने सांगत.

"सहा महिन्यांत टाकून द्यायचं?" त्या म्हणाल्या. "नवंकोरं?"

"हो."

"चार बोटं सैल ठेवलं तर दोन वर्षं जाईल."

"चार बोटं सैल ठेवलं तर पोरगं जाईल."

गल्लीतल्या पोरांमधलं पहिलं, श्रीवास्तव भाभींच्या मुलाचं जॅकेट, काकूंनी गुपचूप सैल शिवलं होतं. काकांनी पट्टी लावली आणि ब्लेडने सगळे टाके उसवले, भाभींच्या देखत. तीन दिवस घरात दोघांमध्ये संवाद माझ्यामार्फत चालला. 'ह्यांना सांग, भाजीत मीठ जास्त असेल तर तेही उसवून घ्या.' पुढे मात्र होळीपर्यंत काकूंनी ते आणि आणखी दहा जॅकेट अगदी मापात शिवली. गल्लीतली अकरा पोरं ती घालून पाण्यात गेली आणि ओरडत, हसत, नाकात पाणी न जाता परत आली.

पण ही अकरा पोरं म्हणजे तालीम होती. सगळा खटाटोप चालला होता सावनीसाठी. सिद्धेश पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत होता. तो, त्याची बायको नीलम आणि साडेचार वर्षांची सावनी दर मे महिन्यात पंधरा दिवस लखनौला यायची. उरलेले साडेअकरा महिने काका-काकू त्या पंधरा दिवसांची वाट बघत आणि तसं कबूल करत नसत. सिद्धेश यायचा तोही जरा नाखुशीनेच. लखनौचा मे सोसून दाखवायला नात्याशिवाय दुसरं कारण नसतं. 'पुढच्या वर्षी तुम्हीच या ना पुण्याला,' असं तो दोन वर्षं म्हणत होता. म्हणून काकांना पोरीला काहीतरी असं द्यायचं होतं, की तिने पुण्यात पाय आपटून म्हणावं, 'आजोबांकडे जायचं.'

सत्त्याण्णवच्या एप्रिलमध्ये नीलमने पत्रातून सावनीची मापं कळवली. काकूंनी आठ दिवस खपून जॅकेट शिवलं, नारिंगी कापडाला पिवळी किनार, खिशावर मासा. काकांनी पट्टी उचलली तशी काकू म्हणाल्या, "नातीचं तरी राहू द्या. एवढी दहा शिवली, अजून विश्वास नाही?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी तोंड पेपरात घातलं, कारण मला पुन्हा टपालखातं चालवायचं नव्हतं. काकांनी पट्टी खाली ठेवली आणि न मोजताच जॅकेटवर नाव घालून सही केली.

मेमध्ये पुण्याची मंडळी आली आणि आम्ही सहाजण त्याच वॉटर पार्कला गेलो. काकूंनी सावनीला फ्रॉकवरच जॅकेट चढवलं, झालरींचा फुगलेला फ्रॉक. त्यावर जॅकेट अगदी घट्ट दिसत होतं. पायांमधला पट्टाही झालरींत गुंतून ताणलेला वाटत होता. सिद्धेश पाण्यात उतरायच्या तयारीत काठावर उभा, काका त्याच्या शेजारी, मी अर्थातच पाण्यापासून चार हात दूर. छोट्या मुलांची एक बुटकी घसरगुंडी होती. तिच्यावरून सावनी सुळकन आली आणि पाण्यात पालथी पडली.

पाणी तिच्या छातीइतकंच होतं. पण फ्रॉक भिजला, झालरी अंगाला चिकटल्या, आणि जॅकेट एकदम चार बोटं मोठं झालं. पट्टा सुटल्यासारखा लोंबला. जॅकेट वर सरकलं, सावनीचे हात सरळ वर गेले आणि तोंड कॉलरच्या आत गेलं. वरून दिसत होती ती फक्त नारिंगी पाठ.

सिद्धेश पुढे झाला. काकांनी त्याचा दंड धरला.

"थांब. वळेल ती."

"बाबा—"

"पाच सेकंद. आपोआप वळेल. एक. दोन."

काकांचा आवाज अगदी शांत होता. हौदीवर घड्याळ धरताना असायचा तसाच. त्यांची बोटं सिद्धेशच्या दंडात रुतली होती, आणि तीन म्हणेपर्यंत मीसुद्धा मनात त्यांच्याबरोबर मोजत होतो. हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही. चार म्हणताना सिद्धेशने असा हिसडा दिला की काका गुडघ्यावर पडले.

सावनी दोन दिवस हॉस्पिटलमध्ये होती. छातीत पाणी गेलं होतं, ताप चढला, मग उतरला. डॉक्टर म्हणाले, आता घाबरण्यासारखं काही नाही. तिसऱ्या दिवशी तिने आइस्क्रीम मागितलं. चौथ्या दिवशी सिद्धेशने परतीची तिकिटं बदलून घेतली. जाताना तो काकांच्या पाया पडला. नेहमी पडायचा तसाच वाकून, पण डोळ्यांकडे बघितलं नाही. रिक्षात बसल्यावर सावनीने हात हलवला, तर नीलमने तो अलगद खाली घेतला. पोरगी उन्हात हात बाहेर काढते म्हणून असेल. मी तरी तसंच समजलो.

त्या संध्याकाळी काकांनी ते जॅकेट अंगणात पसरलं, पट्टी लावली. खांद्याला चार बोटं, कुशीत चार, पट्ट्यालाही चार. काकू दारात उभ्या होत्या.

"मला वाटलं, पुढच्या वर्षीपण होईल," त्या म्हणाल्या.

काकांनी पट्टी जमिनीवर ठेवली. म्हणाले, "तपासणारा मी होतो." आणि मग, "सिद्धेशला हे सांगायचं नाही. चूक माझी आहे."

गल्लीतल्या अकरा घरी ते स्वतः गेले आणि जॅकेट परत मागून आणली. "इसमें क्या खराबी है, वारंट साब?" श्रीवास्तव भाभींनी विचारलं. काही खराबी नाही, म्हणाले. आणि जॅकेट काखेत मारून पुढच्या घरी गेले. पोरं रडली. काकांनी एकेक जॅकेट ब्लेडने उसवलं, आतले तळवे काढले आणि ते चपलांच्या दुकानी देऊन आले. त्यानंतर ते घरात असे वावरायला लागले, जणू पाहुणे म्हणून आलेत आणि यजमानांनी थांबायचा आग्रह केलेला नाही. मला 'डॉक्टर' म्हणणं बंद झालं. मी मुद्दाम म्हणालो, "काका, गोमतीच्या पुलावरून आज अगदी कडेने आलो." ते म्हणाले, "बरं."

दिवाळीला सिद्धेशचं पत्र आलं नाही, भेटकार्ड आलं. त्यावर आधीच छापलेल्या शुभेच्छांखाली तिघांची नावं. जानेवारीत एका दुपारी काकू माझ्या खोलीत आल्या. "निरंजन, एसटीडी बूथवर येतोस? मला तो नंबर लावता येत नाही."

त्यांना नंबर छान लावता येत होता. त्यांना एकटीने जायचं नव्हतं. बूथच्या काचेच्या खोलीत दोघं मावत नव्हतो, म्हणून दार उघडं ठेवून मी बाहेर उभा राहिलो. काकूंनी सगळं सांगितलं. माप, चार बोटं, काकांना मोजू न देणं, सगळं. "टाके माझे होते रे सिद्धू. ह्यांचा काही दोष नाही. त्यांनी मला सांगायला बंदी केली होती. यंदा मेमध्ये या. जॅकेट नको, पाणी नको, नुसते या."

पलीकडून सिद्धेश काय बोलला, ते मला तुटक तुटक ऐकू आलं. शेवटचं मात्र स्पष्ट आलं, कारण काकूंनी रिसीव्हर कानापासून जरा लांब धरला होता.

"ठीक आहे आई. टाके तुझे होते. पण माझा हात बाबांनी धरला होता."

काकूंनी फोन ठेवला. बूथवाल्याने बिल काढलं, ते मी दिलं. येताना त्या इतकंच म्हणाल्या, "ह्यावर मी काय बोलणार होते?"

घरी काका दारातच बसले होते. "कुठे गेला होतात?"

"सब्जी आणायला," काकू म्हणाल्या. हातात पिशवी नव्हती. काकांनी रिकाम्या हातांकडे बघितलं आणि बाजूला सरून त्यांना आत जायला वाट दिली.

एप्रिलमध्ये नीलमने काकूंना एक पाकीट पाठवलं. पत्र लहान, बरोबर एक फोटो. कुठल्या तरी हॉटेलचा पोहायचा तलाव, मध्ये सावनी, कमरेला फुगवलेली प्लॅस्टिकची रिंग, रिंगला बदकाचं डोकं. पोरगी खळखळून हसत होती. काकूंनी फोटो देवघरात ठेवला. दुपारी बघतात तर तो तिथे नव्हता. काका भिंग घेऊन खिडकीशी बसले होते.

जिन्याखालून त्यांनी मला हाक मारली. "डॉक्टर."

वर्षभराने ऐकलं. मी दोन-दोन पायऱ्या उतरलो.

"ही रिंग बघ. कमरेला आहे. पोरगी पुढे कलली की ही फुगवलेली मागे सरकते, पाय वर, डोकं खाली. परत वळता येत नाही तिला. हवेचा कप्पा एकच आहे. टाचणी लागली की संपलं. आणि मागे बघ, मोठं माणूस किती लांब आहे. तिला काही झालं तर ते हाताच्या अंतरावर पाहिजे. जॅकेट असो नाहीतर काही असो, मोठ्या माणसाचा हात पोहोचला पाहिजे." शेवटचं वाक्य त्यांनी फोटोकडे न बघता म्हटलं.

"मग कळवा ना त्यांना."

"माझं अक्षर बघून पाकीट उघडतील का? उघडलं तरी ऐकतील का माझं?" त्यांनी माझ्यासमोर वही सरकवली. "तू लिही. तुझ्या मनाने लिहिलंस असं लिही."

"काका, मला पोहता येत नाही. मी पाण्यातलं काय सांगणार?"

"ते लिहू नकोस."

मग ते सांगत गेले आणि मी लिहीत गेलो. दोन पानं झाली. मापाचं जॅकेट दुकानातून कसं पारखून घ्यायचं, दोन खांद्यांना धरून पोराला वर उचललं की जॅकेट हनुवटीच्या वर जाता कामा नये, फ्रॉकवर घालायचं नाही, आधी उथळ पाण्यात हाताने धरून बघायचं. एका जागी ते थांबले. "असंही लिही, की पोरगं पालथं पडलं तर कशाचीही वाट बघायची नाही. लगेच उचलायचं." मी लिहिलं. त्यांनी मला ते पुन्हा वाचायला लावलं, मग म्हणाले, "अजून ठळक कर."

तीन आठवड्यांनी माझ्या नावावर पाकीट आलं. नीलमचं होतं. मी ते तसंच काकांच्या हातात दिलं. पहिल्या ओळीत लिहिलं होतं की रिंग टाकून दिली, जॅकेट घेतलंय, खांद्यांना धरून उचलून बघितलं, आणि आता तिच्याबरोबर पाण्यात सिद्धेश असतो, हाताच्या अंतरावर. काकांनी ती ओळ दोनदा वाचली. मान हलवली. चष्मा काढला आणि खाली आणखी चार ओळी होत्या त्या न वाचताच पत्र काकूंकडे दिलं.

त्या चार ओळी काकूंनी वाचल्या. ह्या मेमध्ये जमणार नाही, सावनीचा पोहण्याचा क्लास आहे. पुढच्या वर्षी बघू. आणि निरंजन, ते पत्र तुमच्या मनाने लिहिलेलं नाही हे सिद्धेशला पहिल्या ओळीतच कळलं, तरी त्याने शेवटपर्यंत वाचलं.

"काय म्हणतेय?" काकांनी विचारलं.

"उन्हाळा कडक आहे म्हणते यंदा पुण्यात," काकू म्हणाल्या.

"इथेही आहे," काका म्हणाले, आणि कूलरमध्ये पाणी भरायला उठले.